पाय प्लास्टरमध्ये आणि तिकिटं डिस्नीची: मोडक्या पायाच्या पोराला घेऊन थीम पार्क कसा करायचा

ट्रिपला १२ दिवस राहिले होते आणि आमचे चिरंजीव (वय वर्षं ८) शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवरून उतरताना पाय मुरगळला म्हणून रडत घरी आले. मुरगळला कसला, मोडला होता, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड. गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. आणि आमची ऑरलँडोची सगळी बुकिंग्ज झालेली, सांगलीहून सासूसासरे आलेले, त्यांचा परतीचा प्रवास ठरलेला, म्हणजे पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचीही सोय नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं हाड मोडलंय त्याचं, घरी बसवा आणि हळददूध द्या. नवरा म्हणाला उचलून नेऊ. दोघांचंही ऐकलं नाही, हळददूध तेवढं दिलं.

आम्ही गेलो, ५ दिवस राहिलो, पोरगं खूश होऊन आलं. पण सगळ्यात मोठी चूक टाळली ती सांगते: नेहमीचाच प्लॅन ठेवायचा आणि पाय मोडलाय तर मॅनेज करू, असं करायचं नाही. प्लॅन नव्याने करायचा, खुर्चीतून दिवस कसा जाईल हे धरून. हे सगळं फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दल आहे (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही त्यातली चार पार्क), कारण तेच मी पाहिलंय.

पहिलं काम डॉक्टरांकडे

"ट्रिपला जाऊ का?" असं विचारलंत तर डॉक्टर हसून "एन्जॉय" म्हणतील, त्याचा उपयोग शून्य. नेमकं विचारा. एक, पायावर वजन टाकायचंच नाही की थोडं टाकलं तर चालेल? राइडमध्ये बसता येणार की नाही हे सगळं याच एका उत्तरावर ठरतं. दोन, प्लास्टर आहे की काढता येणारा बूट, आणि बूट असेल तर तो १० मिनिटं काढलेला चालेल का? तीन, धक्के. नुसतं रोलरकोस्टर म्हणू नका, सांगा की गाडी खडबडीत रस्त्यावरून जाते, बोट खाली पडते, गोल फिरतं, यातलं काय चालेल. चार, विमान. नवीन प्लास्टर घातल्यावर आत सूज वाढू शकते, म्हणून साधारण ४८ तासांच्या आत लांबचा विमानप्रवास नको म्हणतात, करायचाच असेल तर प्लास्टर उभं चिरून देतात. आमच्याकडे १२ दिवस होते त्यामुळे तो प्रश्न आला नाही, पण तुमचं ट्रिपच्या आदल्या दिवशी झालं असेल तर हे आधी विचारा, बाकीचं नंतर.

हाड जागेवर आहे ना हे बघायला हल्ली आठवडा-दहा दिवसांनी परत एक्स-रे काढतात, तो निघायच्या आधी उरकून घ्या. आणि एक पत्र मागा, काय मोडलंय, कधी, काय करायचं नाही, एवढंच. त्याचा आणि एक्स-रेचा फोटो फोनमध्ये ठेवा. हे पत्र पार्कात कुणी मागत नाही बरं का, ते परगावी रात्री इमर्जन्सीत जावं लागलं तर असावं म्हणून. अमेरिकेत राहत असाल आणि गाडीने जाणार असाल तर त्याच भेटीत अपंगांच्या पार्किंगच्या तात्पुरत्या परमिटचा फॉर्मही डॉक्टरांकडून भरून घ्या, तुमच्या राज्याचा डीएमव्ही (गाड्यांची नोंदणी आणि लायसन्स बघणारं खातं) देतो, बऱ्याच जणांना माहीतच नसतं की ते मोडलेल्या पायालाही मिळतं.

कशावर बसवायचं

कुबड्या विसरा. म्हणजे बरोबर घ्या, हॉटेलच्या बाथरूमपर्यंत जायला लागतात, पण पार्कात नाही. लहान मुलांना कुबड्यांचा तोल नीट जमतच नाही, आणि मोठ्या माणसालासुद्धा दिवसभरात जे अंतर पडतं ते काखेत लाकूड धरून होणार नाही. एपकॉटमध्ये देशोदेशींच्या पॅव्हेलियन्सचा नुसता गोलच जवळपास २ किलोमीटर आहे. गुडघा टेकवून ढकलायची ती नी-स्कूटर मिळते, घरात मस्त आहे, पण पार्कात उतार आणि गर्दी, आणि दुसरा पाय दुपारपर्यंत दमतो.

वॅगनचा विचार करत असाल, ती मुलांना बसवून ओढतात ती, तर थांबा, डिस्नेने २०१९ पासून वॅगनवर बंदीच घातलीय. स्ट्रोलरलाही माप आहे, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, त्याहून मोठी नको.

मूल ५-६ वर्षांचं आणि अंगाने बारीक असेल तर स्ट्रोलर उत्तम, फक्त एक युक्ती माहीत हवी. एरवी स्ट्रोलर राइडच्या बाहेर पार्क करून पोराला चालवत न्यावं लागतं, आणि आपला तर चालूच शकत नाही. म्हणून गेटमधून आत शिरल्याबरोबर गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या काउंटरला, जायचं आणि सांगायचं की ही स्ट्रोलर आम्ही व्हीलचेअर म्हणून वापरतोय, ते एक टॅग बांधून देतात, मग ती रांगेत आणि शोच्या हॉलमध्ये नेता येते. फुकट आहे, २ मिनिटांचं काम.

८ वर्षांच्या पोराला व्हीलचेअरच लागते. पार्कात भाड्याने मिळते, रोजचे १२ डॉलरच्या आसपास, आधी बुक होत नाही, जो आधी येईल त्याला. पण ती मोठ्या माणसाच्या मापाची असते आणि आमच्या पहिल्या दिवशीच्या खुर्चीला पाय सरळ वर धरणारा लेगरेस्ट नव्हता. मोडलेला पाय ८ तास खाली लोंबकळत ठेवला की संध्याकाळी बोटं पुरीसारखी फुगतात, आम्ही बघितलंय. शिवाय ती खुर्ची गेटवर परत द्यायची, म्हणजे गेट ते बस, बस ते रूम काय करायचं? दुसऱ्या दिवशी शहाणे झालो आणि बाहेरच्या भाड्याच्या कंपनीकडून मुलांच्या मापाची, लेगरेस्ट वर होणारी खुर्ची हॉटेलवर मागवली. तुम्ही पहिल्याच दिवसापासून हेच करा. मागवताना सीटची रुंदी सांगा, कुठला पाय ते सांगा, आणि घडी होते ना विचारा. मोटरवाली स्कूटर मुलाला मिळत नाही, १८ वर्षांची अट असते, आणि हे चांगलंच आहे, आमच्याच्या हातात दिली असती तर दोनचार लोकांचे पाय अजून मोडले असते.

"व्हीलचेअर घ्या, लाइन लागत नाही"

हे तुम्हाला किमान तीन ओळखीचे लोक सांगतील. कधीकाळी बऱ्याच राइड्सवर खुर्चीवाल्यांना वेगळ्या दाराने पटकन घ्यायचे, लोक त्याच आठवणी सांगतात. तेव्हा त्यासाठी एक कार्ड मिळायचं, २०१३ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि डीएएस नावाची सोय आली (रांगेत न थांबता दिलेल्या वेळी परत यायचं), आणि तीही २०२४ पासून मुख्यतः ऑटिझम किंवा त्यासारखी अडचण असलेल्यांसाठीच आहे, ज्यांना रांगेत फार वेळ थांबणं जमत नाही. मोडलेला पाय त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर का बसावा, आपला पोरगा खुर्चीत बसूनच रांगेत थांबणार आहे, उभे आपण आहोत.

नव्या राइड्सच्या रांगाच रुंद असतात, खुर्ची सगळ्यांबरोबर आतून जाते. जुन्या काही ठिकाणी रांग अरुंद किंवा पायऱ्यांची, तिथे दुसऱ्या दाराने घेतात, पण गर्दी असेल तर "इतक्या वाजता या" अशी वेळ देतात, जी रांगेइतकीच असते. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर लाइटनिंग लेनवर, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या वेगळ्या छोट्या रांगेवर, करा. तिच्या मल्टी पास नावाच्या पासमध्ये ३ राइड्स आधी बुक करता येतात, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी.

राइड्सची चाळणी, इथे वेळ घालवा

प्रत्येक राइडची डिस्नेच्या ॲपमध्ये माहिती असते, तिथे उंचीच्या खाली एक ओळ असते जी आपण एरवी वाचतच नाही. तीन प्रकार आहेत. पहिला, खुर्चीत बसूनच राइड करता येते. दुसरा, खुर्चीतून राइडच्या सीटवर सरकावं लागतं. तिसरा, स्वतःच्या पायाने चालता यायला हवं. निघायच्या आधी एका संध्याकाळी पोराला शेजारी घेऊन बसा आणि सगळ्या राइड्स या तीन डब्यांत टाका. पोराला शेजारी घेऊन, हे महत्त्वाचं, कारण रडायचं ते घरी रडून होतं.

पहिल्या डब्यात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. मॅजिक किंगडममध्ये इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि जंगल क्रूझ, दोन्हीकडे खुर्ची चढेल अशी खास बोट असते, फक्त ती यायला थोडं थांबावं लागतं. लिटल मर्मेडची राइड, विनी द पू, मिकीचा फिलहारमॅजिक, टिकी रूम, आगगाडी. एपकॉटला लिव्हिंग विथ द लँड. हॉलिवूड स्टुडिओजला टॉय स्टोरी मेनिया, आमच्याची सगळ्यात आवडती, खुर्चीत बसून नेम मारायचा आणि आजोबांना हरवायचं. ॲनिमल किंगडमला लायन किंगचा शो आणि किलिमांजारो सफारी. सफारीबद्दल मात्र एक गोष्ट, ट्रक जाम हादरतो, खुर्चीत बसून जाता येतं म्हणजे पायाला दुखत नाही असं नाही. मांडीवर उशी आणि उशीवर पाय घेऊन बसवलं तेव्हा जमलं.

तिसऱ्या डब्याशी वाद घालू नका. पीटर पॅन, हाँटेड मॅन्शन, पीपलमूव्हर, एपकॉटचा तो मोठा पांढरा गोळा म्हणजे स्पेसशिप अर्थ, इथे सरकत्या पट्ट्यावरून चालत गाडीत बसावं लागतं. सासरे म्हणाले मी कडेवर घेऊन चढतो. सरकत्या पट्ट्यावर, २६ किलोचं पोरगं आणि वर प्लास्टर घेऊन, ७० वर्षांचा माणूस. नाही.

खरी गंमत दुसऱ्या डब्यात, कारण तिथे ठरवावं लागतं. इथे एक नियम आधी कळलेला बरा: तिथले कर्मचारी तुमच्या मुलाला उचलत नाहीत, त्यांना परवानगीच नाही. उचलणार तुम्ही. (तिथे कर्मचाऱ्यांना कास्ट मेंबर म्हणतात आणि अमेरिकेत प्लास्टरलाही कास्टच म्हणतात, त्यामुळे सासूबाई दोन दिवस समजत होत्या की ते सगळे प्लास्टर बघायलाच ठेवलेत.) मग तीन गोष्टी बघा. सीट केवढी खोल आहे, पाय कुठे जातो, आणि राइड मध्येच बंद पडली तर कसं बाहेर यायचं. या तिसऱ्याचा कुणी विचार करत नाही, पण राइड्स बंद पडतात, आणि मग जिन्याने उतरून यावं लागू शकतं. तेवढं अंतर पोराला उचलून नेता येणार नसेल तर त्या राइडला जाऊ नका.

पाय कुठे जातो याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे मॅजिक किंगडमचं ट्रॉन हे रोलरकोस्टर. उंची ४८ इंच लागते, आमच्याची नुकतीच झालेली, वर्षभर तो त्याचीच वाट बघत होता. पण तिथे मोटरसायकलवर बसल्यासारखं ओणवं बसायचं आणि मागून पोटऱ्यांना पट्टी आवळते. प्लास्टरला ते शक्यच नाही. बाहेर बसून बघायला नमुन्याची सीट ठेवलेली असते आणि काही गाड्यांना मागे साध्या बैठकीची जागाही असते, तरी त्या वेगाला आमच्या डॉक्टरांनी आधीच नाही सांगितलं होतं. ॲनिमल किंगडमच्या फ्लाइट ऑफ पॅसेजचंही तसंच, पोटरीच अडकते. स्पेस माउंटनची सीट इतकी खाली आणि अरुंद की सरळ पाय आत जातच नाही. आणि टियानाज बायू किंवा काली रिव्हर रॅपिड्स यांचा विषयच नको, भिजतो.

घरी रंगीत तालीम

हसू नका, आम्ही केली. बाथटबच्या कडेवर पोराला बसवायचं, मग बूड सरकवत आत, चांगला पाय आधी, मोडलेला आपण हातात धरलेला. बोटीत बसणं म्हणजे हेच. ४-५ वेळा केलं की कुणी कुठे धरायचं ते ठरतं, आणि रांगेत मागचे लोक बघत असताना नवराबायकोत जी बाचाबाची होणार असते ती घरीच होऊन जाते. खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे, मग हलायचं, हे पोरालाच म्हणायला लावा, ते विसरत नाही.

बॅगेत काय

लहान उशी दोन, एक पायाखाली एक पाठीमागे. प्लास्टरवर चढवायचं आंघोळीचं प्लास्टिकचं कव्हर, आणि ते फाटलं तर कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणि चिकटपट्टी. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी धो धो पाऊस जवळजवळ रोजचाच, तोही न सांगता. फायबरग्लासचं प्लास्टर बाहेरून कितीही दणकट असलं तरी आतला कापूस भिजला की वाळत नाही आणि कातडी कुजायला लागते. खुर्चीसकट झाकेल असा मोठा पाँचो घ्या. पायाची उघडी बोटं झाकायला आजोबांचा जुना मोजा, एसीत बोटं गार पडतात. औषधं डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेसकट. खाजेसाठी पेन्सिल, पट्टी, विणायची सुई काहीही आत घालू द्यायचं नाही, हॉटेलच्या हेअरड्रायरची गार हवा सोडायची, खूप बरं वाटतं त्याला.

एक लाल रिबन किंवा चमकणारी पट्टीही घ्या, प्लास्टरच्या टोकाला बांधायला. सरळ पसरलेला पाय खुर्चीच्या पुढे येतो आणि फोनमध्ये बघत चालणारे लोक त्याच्यावर येऊन आदळतात. पहिल्या दिवशी दोनदा झालं.

प्रत्यक्ष दिवस

आमचं वेळापत्रक असं बसलं: गेट उघडायच्या अर्धा तास आधी हजर, १२-साडेबाराला बाहेर, हॉटेलवर जेवण, दोन तास आडवं पडून पाय छातीपेक्षा वर, ५ नंतर परत. मधली सुट्टी कापाविशी वाटेल, तिकिटाचे पैसे आठवतील, कापू नका. ज्या दिवशी आम्ही कापली त्याच संध्याकाळी बोटं सुजून रडारड झाली.

मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर पार्किंगपासून पुढे अजून मोनोरेल किंवा बोट असते. दोन्हीत खुर्ची जाते, मोनोरेलला ते रॅम्प टाकून देतात, बोटीत सरळ ढकलत शिरायचं. डिस्नेच्या बसला रॅम्प असतो, खुर्ची आत बांधतात. केबलकारला तर खुर्चीवाल्यांसाठी वेगळी जागा आहे जिथे डबा पूर्ण थांबतो.

ढकलण्यात पण अक्कल लागते. मेन स्ट्रीटवर घोडागाडीचे रूळ आहेत, त्यात पुढची छोटी चाकं अडकली की खुर्ची जागेवर थांबते आणि पोरगं पुढे जातं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून आपण मागे चालत उतरायचं. ॲनिमल किंगडमची जमीन मुद्दाम ओबडधोबड केलेली आहे, तिथे ढकलणाऱ्याची रोज पाळी बदला, आणि सासरे "मला काय होतंय" म्हणाले तरी बदला.

परेडसाठी खुर्चीवाल्यांची राखीव जागा असते, मर्यादित असते, आधी येईल त्याला, म्हणून कास्ट मेंबरला विचारून पाऊण तास आधी जाऊन बसा. नाहीतर पुढे माणसं उभी राहतात आणि खुर्चीतल्या मुलाला फक्त पाठी दिसतात. आतषबाजी संपली की लगेच निघू नका, अर्धा तास बाकावर बसून शेंगदाण्याची चिक्की खा, त्या लोंढ्यात पुढे आलेला पाय न्यायचा नाही. बाथरूमसाठी कंपॅनियन रेस्टरूम शोधा, मोठी स्वतंत्र खोली असते, आईने ८ वर्षांच्या मुलाला नेलं तरी कुणी बघत नाही.

फर्स्ट एड प्रत्येक पार्कात आहे. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी. बर्फ देतात, पडायला खाट असते, आम्ही तर एकदा नुसतं गारव्यात झोपवायला नेलं.

मोठ्या मुलीचं काय, हा प्रश्न आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला, जेव्हा ती म्हणाली की याच्या पायामुळे माझी पण ट्रिप मोडली. रायडर स्विच वापरा. राइडच्या दारातच सांगायचं की आमच्यातला एक राइड करणार नाहीये, मग एक मोठं माणूस त्याच्यापाशी थांबतं, दुसरं मुलीबरोबर जाऊन येतं, आणि मग पहिल्याला परत पूर्ण रांग न लावता जाता येतं. त्या वेळात खुर्चीतल्याला काहीतरी स्वतःचं हवं, आमच्याने कास्ट मेंबरांकडून प्लास्टरवर सह्या गोळा केल्या. मार्कर पेन खिशात ठेवा.

कधी सगळं सोडून निघायचं

दर दोन तासांनी बोटं बघा. नखावर दाबून सोडलं की पांढरं झालेलं २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी किंवा फिकट, गार, मुंग्या येतात म्हणतो, हलवता येत नाहीत, किंवा औषध देऊन, पाय वर करूनही दुखणं वाढतच चाललंय, तर फर्स्ट एडला सांगून थेट इमर्जन्सीत. प्लास्टर आतून आवळत असेल तर ते थांबत नाही. प्लास्टर भिजलं, तडकलं किंवा आतून वास यायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

विमानाचं

एअरलाइनला तिकिटावर व्हीलचेअरची मदत आधी नोंदवून ठेवा, एअरपोर्टवर खुर्ची आणि माणूस दोन्ही मिळतं. कुबड्या आणि स्वतःची खुर्ची सामानात धरत नाहीत, पैसे पडत नाहीत. सिक्युरिटीला प्लास्टर काढायला लावत नाहीत पण स्फोटकांचा अंश शोधायला प्लास्टरवरून छोटी कापडी पट्टी फिरवून तपासतात, पोराला आधी सांगून ठेवा नाहीतर घाबरतो. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारात देणार असाल तर लेगरेस्ट आणि उशी काढून स्वतःबरोबर आत घ्या, सुटे भाग हरवतात. आणि भाड्याची खुर्ची निघायच्या दिवशी पहाटेच हॉटेलवर परत देऊ नका, टॅक्सी दारात येईपर्यंत ठेवा, आम्ही आदल्या रात्रीच दिली आणि मग सकाळी सहाला रूमपासून लॉबीपर्यंत नवऱ्याने पोराला पाठुंगळी घेऊन नेलं, ते अंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच्या कमरेत होतं.